दादांचं कलकत्त्याचं लाल मांस

५ जानेवारी ७६, सोमवार
दादांनी आजही भाकरी परत पाठवली. दुधात कुस्करून दिली होती तरी. चहा तेवढा चालतो, तोही अर्धा तास फुंकत. आई जाऊन चार महिने झाले. डॉ. म्हणतात मनाला लागलंय, आवडीचं काही करून घाला. विचारलं तर दादा म्हणाले, "कलकत्त्याचं लाल डुक्कर करशील?" पोरवयात घरातून पळून गेले होते, सहा वर्षं तिथं एका चिन्याच्या खानावळीत भांडी घासली. आई होती तोवर आमच्याकडे डुकराचं नाव काढायची सोय नव्हती. मी हो म्हणून बसले. काय करू. माझ्या बापाच्या मनगटाची हाडं मोजता येतात आता.

७ जाने., बुध.
शाळेतून आल्यावर दादांना विचारून कृती लिहून घेतली. मांसाचे लांब पट्टे. चिन्यांचं काळं खारट पाणी, साखर, बाद्यान म्हणजे चक्रीफूल, दालचिनी, लवंग, बडीशेप. म्हणजे निम्मा आपला काळा मसालाच. रात्रभर मुरवायचं, आकड्याला टांगून निखाऱ्यावर भाजायचं, वरून मध. सांगताना उठून बसले. "खानावळीचा उस्ताद पहिला तुकडा मला द्यायचा. हातात. वरून टाकायचा न्हाई." एवढं बोलून दमले.
काळं पाणी पूर्णेसारख्या गावात कुठलं? ह्यांना सांगितलं. रेल्वेत इंजिनावर फायरमन, ओळखी गावभर. सिकंदराबादला जाणाऱ्या गार्डला सांगतो म्हणाले.

११, रवि.
काळ्या पाण्याची बाटली आली नाही. धीर निघेना. रुळापलीकडच्या राणबाकडून शेरभर डुकराचं मांस आणलं, वह्यांच्या पिशवीत, वह्यांखाली. जाळलेला गूळ नि मीठ घालून भागवलं. दारात शेजारची गयाबाई, "काय शिजायलंय वो बाई?" मटण म्हटलं. खोटं.
दादांनी नुसता वास घेतला. "हळद लावलीस. हे आपलं झालं." ताट सारलं. खरंच की. मटण धुतलं की हळद-मीठ चोळायचं, हात आपोआप गेला. आईनं लावलेली सवय. मला मेलीला आठवायला नको?

१४, बुध.
संक्रांत. तिळगूळ दिला तर चोखत बसले, मग हळूच रुमालात घेतला. बाटली आली एकदाची. बोट बुडवून चाखलं. नुसतं खारट, पण घरभर काहीतरी लांबचा वास.

१८, रवि.
हळद लावली नाही. हळदीकडे जाऊ नये म्हणून डावा हात पाठीमागे धरून मांस धुतलं, हसू नये कुणी. तेलाचं रिकामं पीप, तारेचे आकडे. कोळसा ह्यांनी आणलेला, इंजिनाचा. तिथंच घात झाला. सगळ्या मांसाला इंजिनाच्या शेडचा वास. दादा म्हणाले, "राहू दे पोरी, न्हाई जमायचं. लय अवघड काम हाय ते." आणि कसे सुटल्यासारखे भिंतीला टेकले. माझं डोकंच फिरलं. ओरडले. मरायचंय तर तसं सांगा, मी म्हणाले. बापाला. असं बोलले मी.

१९, सोम.
वर्गात मुलांवर हात उचलला. कारण नव्हतं. दादांचं धोतर नेसवताना दोन वेढे जास्त घ्यावे लागतात.

२५, रवि.
इस्त्रीवाल्याकडून बाभळीचा कोळसा आणला. पट्टे रात्रीपासून मुरत होते. पीप परसात मांडलं, खाली पाण्याचं ताट, चरबी पडून भडका होऊ नये म्हणून. दर पाच मिनिटांनी मधाचं बोट. गयाबाई भिंतीवरून बघायली, बघू दे. दुपारी एकला कडा काळ्या, आत लाल. मला स्वतःलाच खरं वाटेना.
पातळ कापलं. पहिला तुकडा दादांच्या हातात दिला. वास घेतला, तोंडात ठेवला, डोळे मिटले. किती वेळ चावत होते. पाणी गालावरून मिशीत. "तेच हाय. अगदी तेच." मी देवाला, बापाला, कोळशाला, कुणाकुणाला हात जोडले मनात.
मग चावणं थांबलं. मान ताणली, घसा धरला. ठसका. तुकडा परत तळहातावर काढला नि माझ्याकडं बघितलं, लहान पोरानं चोरी कबूल करावी तसं.
"गिळवत न्हाई गं. घशात काय तरी अडतंय. म्हणून तर हे मागितलं. म्हटलं, हे काय तुला जमायचं न्हाई, अन् तू भाकरीसाठी मागं लागायची न्हाईस."
मनाला लागलंय म्हणे. आम्ही पण सगळे शहाणे, हो हो करत बसलो. कधीपासून, विचारलं.
"तुझी आई होती तवापास्नं. तिला ठाऊक होतं. ती पेज करून द्यायची, तुमी शाळेत गेल्यावर."
सकाळच्या गाडीनं नांदेडला मोठ्या दवाखान्यात नेतोय. हे पास काढायला गेलेत. तांदळाची पेज केली, पातळ, मीठ घालून. चार चमचे गेली. पाचवा अजून तोंडात धरून बसलेत.