पाहणारे : एक

प्रिय इंदाय,

तुझे ताताय गेले. हे वाक्य वर लिहावं की शेवटी, या विचारात दोन चांगले कागद फुकट गेले, आणि मला कागद फुकट गेलेला सोसत नाही हे तुला ठाऊकच आहे. म्हणून लिहून टाकलं. अंगणात जाळी सांधत बसले होते, तसेच एका बाजूला कलंडले. सुईत दोरा ओवलेला होता. मी आतून विचारलं, जेवायला घेऊ का, तर उत्तर नाही. एरवीही ते उत्तर द्यायचे नाहीत, त्यामुळे मी भात वाढून घेतला आणि मग बाहेर गेले.

गेल्या आठवड्यापर्यंत मी धरून चालले होते की बाप गेल्याचं तुला कळलेलं आहे, आणि कळून तू आली नाहीस. पोटच्या पोरीबद्दल असा समज मनात ठेवून मी इतके महिने स्वयंपाक केला, प्रार्थना केल्या, मासळीबाजारात भावासाठी भांडले. आता खरं काय ते समजलंय, आणि ते आधीच्यापेक्षा बरं आहे की वाईट हे मला अजून ठरवता येत नाही. तुझा फोन बंद. तू मागे एका नाताळला पाठवलेलं मोठं खोकं मी टाकलं नव्हतं, त्यात तांदूळ भरते. त्याच्या बाजूवर तुझा विनिपेगचा पत्ता होता, तो चष्मा लावून उतरवून घेतला. घर बदललं असशील तर हे पत्र कुणा परक्याच्या दारात पडेल. पडू दे. एवढे दिवस मी परक्याशीच बोलत होते.

ते भांडण पुन्हा उगाळायचं नाही असं ठरवलं होतं, पण ते वगळून पुढचं सांगता येत नाही. तू हेर्मीबरोबर राहतेस हे समजलं तेव्हा मीही रडले होते. त्याची चर्चमध्ये लग्न लावलेली बायको इकडे रोहासला धडधाकट, आपल्या देशात काडीमोड नाही, म्हणजे तू कोण झालीस हे सांगायला कुणाची गरज नव्हती. तरी बापाने ते घरात बोलायचं असतं. तुझ्या तातायनी फोनवरच्या प्लासावर लिहिलं. दुसरं कुठे लिहिणार? बारसं, मासळीचा भाव, वीज कधी येणार, कुणाची गाय सुटली, सगळं गाव तेव्हा फोन घेऊन प्लासावरच बसलेलं असायचं. त्यांनी लिहिलं, 'अन्सेल्मोला मुलगी नाही.' तेवढंच. खाली लोकांनी हसरी तोंडं डकवली, रागीट डकवली. फादरच्या स्वयंपाकिणीने टाळ्या डकवल्या. त्या बाईला अजून मी चर्चमध्ये ओळख देत नाही. त्या दिवसानंतर तुझा शब्द नाही. फोन नाही, निरोप नाही.

पण बदाम येत होता. मी रोज सकाळी जपमाळ झाली की घरातल्या देवाच्या फुलांचा फोटो प्लासावर टाकते, खाली त्या दिवसाचं वचन. आणि रोज त्याखाली लाल बदाम, आणि बदामाखाली तुझं खरं नाव. डेल्फिना. मी म्हणायची, बोलत नाही तर नाही, बघते ना. मी तातायना दाखवायची. ते म्हणायचे, "बोट टेकवायला काय लागतं? दोन ओळी लिही म्हणावं तिला, हात झिजतात का?" आणि दुसऱ्या दिवशी, पाठमोरे उभे राहून, जणू हवापाण्याचं विचारतायत अशा आवाजात, "आला का?" मी म्हणायची, आला. मग ते होडीकडे जायचे. त्यांची आणि माझी न्याहारी त्या बदामावर होत होती, असं म्हटलं तरी चालेल.

गेले त्या संध्याकाळी आम्ही प्लासावर काळी फीत लावली, मेणबत्ती लावली. इकडे आता निरोप असाच जातो, माणूस पाठवत नाहीत. आणि क्षणात तुझ्या नावाने रडणारं तोंड उमटलं. पुरिंग आत्या ओरडली, "बघितलं! बघितलं तिने! वहिनी, पेटीचं झाकण लावायची घाई करायची नाही, पोरगी विमानात बसली असेल." तुला रीत माहीत आहे. परदेशातलं लेकरू येईपर्यंत माणूस मातीत जात नाही. शेजारच्या कोंचिंगने सौदीतल्या मुलासाठी प्रेत थांबवलं होतं, तो आला तेव्हा फुलं तीनदा बदलून झाली होती. आपण का नाही थांबायचं? थांबलो. प्रेत घरात आहे तोवर झाडू लावायचा नाही, म्हणून लावला नाही. लोक येत होते, कॉफी पीत होते, बिस्किटांचा चुरा, पत्ते, चिखलाचे पाय. माझं घर, ज्यात मी वाळूचा कण राहू देत नाही, त्यात चालताना पायाखाली करकर वाजत होतं. इलोइलोहून प्रेत टिकवायचं औषध भरणारा माणूस दोनदा आला. दुसऱ्या वेळी म्हणाला, "मानांग, ताई, मी देव नाही. अजून किती?" मी म्हटलं, वाट लांबची आहे.

तुला तोंड दिसावं म्हणून पेटीच्या उशाशी फोन उभा करून ठेवला होता, चित्र सतत चालू. कोपऱ्यात लिहून यायचं, पाहणारे : एक. आणि तुझं नाव. मी त्या फोनसमोर स्टूल घेऊन बसायची. तुला सांगितलं की तू पाठवलेला निळा सदरा घातलाय त्यांना, बटण तुटलं होतं ते लावलंय. विचारलं, विमान कधी आहे. विचारलं, पैसे नसतील तर सांग, मी डुक्कर विकते. तू नुसती बघत होतीस. येणारे जाणारे टोमणे मारायला मोकळेच. "कॅनडात विमानं बंद पडली का हो?" "नाही हो, सुट्टी मिळत नसेल, तिकडे मेलेल्या बापाला सुट्टी नसते." मग फादर म्हणाले, आता पुरे. झाकण लावायच्या आधी मी त्या फोनला सगळ्यांसमोर म्हणाले, "बघत बस. याच पेटीत तुझी आईही आहे असं समज." पुरिंगने माझ्या तोंडावर हात ठेवला. पुरल्यानंतरच्या नऊ संध्याकाळच्या प्रार्थनेत नातेवाइकांची नावं वाचतात, त्यात मी तुझं नाव येऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फुलांचा फोटो टाकला. बदाम आला. मी फोन तांदळाच्या खोक्यात टाकून दिला.

फार दिवस काढला नाही. काढला तेव्हा प्लासा ओस पडला होता. तरुण पोरं केव्हाच दुसरीकडे गेली, तिथे म्हणे माणसं फक्त नाचतात. उरलो आम्ही म्हाताऱ्या, वजन उतरवायचा चहा विकणारे, आणि कुणी कुठून बनवलेली रडणारी मदर मेरी, जिच्या हाताला सहा बोटं. त्या चित्राखाली हजारो 'आमेन'. मी एकदा लिहिलं, बोटं मोजा. कुणी मोजली नाहीत. पण गंमत म्हणजे गावातलं कुणी उरलं नाही तरी बदाम कमी होत नव्हते. उलट वाढत होते. मी महिला मंडळाचे हिशेब बघते, सभासद घटले आणि वर्गणी वाढली तर मला झोप लागणार नाही. इथे मात्र मी काही बोलले नाही. तुझा बदाम त्यातच होता ना.

मग गेल्या आठवड्यात पुरिंग आत्या बाह्या सरसावून भांडायला आल्यासारखी आली. तिने तिच्या डुकरिणीचा फोटो टाकला होता, पिलांसकट. "वहिनी, हे बघा, कुणी बदाम दिलाय बघा!" तिचा नवरा तेबान. समुद्रात बुडून गेलेला तेबान, ज्याला तू लहानपणी घाबरायचीस. "मेल्याने जिवंतपणी माझ्या हातच्या जेवणाला एकदा चांगलं म्हटलं नाही, आणि आता त्याला माझी डुकरीण आवडली!" ती हसत होती आणि फोन माझ्या हातात कोंबत होती. आम्ही दोघी तशाच चर्चच्या ऑफिसात गेलो. तिथल्या लिगायाबाई इंग्रजी वाचतात. त्यांनी कंपनीने छापलेलं शोधून काढलं आणि वाचून दाखवलं. जे सभासद बराच काळ आले नाहीत, त्यांच्या वतीने, त्यांच्या जुन्या सवयी बघून, प्लासा स्वतः प्रेम व्यक्त करतो. निरोप वाचल्याची खूण करतो. कार्यक्रम चालू असेल तर येऊन बसतो. कुणालाही एकटं वाटू नये म्हणून. पुरिंग म्हणाली, "म्हणजे खोटी सही." लिगायाबाई म्हणाल्या, तसं नाही हो, सेवा आहे. आमच्या महिला मंडळात गैरहजर बाईची सही दुसरीने ठोकली तर आम्ही तिला पुन्हा उंबरा चढू देत नाही. इथे सगळं गाव सहीने हजर होतं.

मी विचारलं, माझी मुलगी खरोखर शेवटची कधी आली होती? घरच्यांनी विचारलं तर सांगतात ते. लिगायाबाईंनी तारीख वाचली आणि माझ्याकडे बघितलं नाही. तातायनी ते लिहिलं तोच दिवस. तू ते वाचलंस, दार ओढून घेतलंस, आणि परत फिरकली नाहीस.

म्हणजे तो बदाम तुझा नव्हता. रडणारं तोंड तुझं नव्हतं. विमानात कुणी बसलं नव्हतं. मी स्टुलावर बसून सदऱ्याच्या बटणाबद्दल सांगत होते ते एका यंत्राला, आणि ते यंत्र वाट बघणाऱ्या आईला 'पाहणारे : एक' दाखवत होतं, कारण शून्य दाखवलं असतं तर मी फोन बंद केला असता. पेटीपाशी जे बोलले ते तुझ्यापर्यंत पोचलंच नाही. बरं झालं म्हणावं, तर गावातल्या प्रत्येकाने ऐकलंय, आणि तू इथे कधी उतरलीस तर पहिल्या रिक्षावाल्याकडून तुला कळेल. त्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. कुणावर रागवायचं हेही या लोकांनी माझ्याकडे ठेवलं नाही. तुझ्यावर रागावले होते तेव्हा निदान तू तिथे आहेस असं वाटत होतं.

आता नवीन बातमी. प्लासा बुडतोय म्हणून आम्ही बायका मनातून खूश होतो, तर तो दुसऱ्या कुणी विकत घेतला. जे गेले ते आता नुसते बदाम देणार नाहीत, बोलणारसुद्धा. पुढे तिथे जिवंत माणसाची गरजच राहणार नाही असं दिसतंय. मेलेले मेलेल्यांचे वाढदिवस साजरे करतील आणि मधल्या जागेत चहा विकला जाईल. मला थट्टा वाटत होती. परवा सकाळी जपमाळ झाली, फुलांचा फोटो टाकला, आणि खाली ओळ उमटली. नाव अन्सेल्मो. 'सुप्रभात, फेलिसा. फुलं सुंदर आहेत. कॉफी घेतलीस का?'

एवढ्या वर्षांच्या संसारात त्या माणसाने मला सुप्रभात म्हटलेलं नाही. "कॉफी कुठंय?" असं म्हणायचे, तेही कॉफी पुढ्यात असताना. हा प्लासावरचा माणूस माझ्या नवऱ्यापेक्षा सभ्य आहे, आणि मला तो नको आहे. मी ज्याला पुरलं तो खडूस, तोंडाळ, हट्टी होता, त्याच्यासाठी मी प्रार्थना करते. हा कोण मध्ये बसलाय? काल पुरिंगला तेबानने डुकरिणीची तब्येत विचारली. ती आता फोन उपडा घालून झोपते.

मी लिगायाबाईंना सांगितलं, यांचं खातं बंद करा, मी बायको आहे. त्या म्हणाल्या, बायकोला करता येत नाही. प्रत्येकाने आपल्या मागे एक राखणदार नेमायचा असतो, त्याच्याच हाताने बंद होतं. मला वाटलं पुरिंग असेल, नाहीतर त्यांचा तो होडीचा भागीदार. लिगायाबाई म्हणाल्या, मीच भरून दिलं होतं त्यांना, लक्षात आहे माझ्या. ते भांडण झालं त्याच्या पुढच्या रविवारी, मिस्सा सुटल्यावर, टोपी हातात घेऊन आले होते. विचारलं, कुणाचं नाव घालू? तर चिडून म्हणाले, "डेल्फिनाचं. दुसरं कोण आहे मला?" मला त्यांनी एका शब्दाने सांगितलं नाही. तुला तर नाहीच. इंदाय, हे पत्र एवढ्यासाठीच आहे. घरी ये असं मी म्हणत नाही, हेर्मीला सोड असंही या खेपेला लिहीत नाही. एकदाच त्या प्लासावर जा, तातायना बंद कर, मग स्वतःला बंद कर. ते मला जमणारं नाही, नाहीतर तुला तसदी दिली नसती. त्यांना निजू दे. आणि झालं की मला कळव, पण कागदावर, तुझ्या त्या वाकड्या अक्षरात. दुसरीकडून तुझ्या नावाने काहीही आलं, कितीही गोड आलं, तरी मी ते तुझं धरणार नाही. मी पोस्टमनची वाट बघते आहे.

तुझीच, आणि या खेपेला खरोखर तुझ्याशीच बोलणारी,
नानाय