सासूबाईंची स्पॅनिश पणजी

बाबा, इथे न्यूझीलंडमध्ये, पोरिरुआला माझ्या सासूबाईंच्या किचनमध्ये तुम्ही जे बोललात, त्याचा राग तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली तरी माझ्या मनातून गेलेला नाही. टेबलावर चहा आहे, स्कोन आहेत, आणि सासूबाईंनी त्यांच्या पणजोबांची जुनी वही तुमच्यापुढे उघडून ठेवली आहे. हा गोरा माणूस व्हेल मारणाऱ्यांच्या तळावर दुकान चालवायचा. बायको माओरी, इथल्या मूळ लोकांतली. तिच्या माणसांनी जागा दिली, म्हणून तो किनाऱ्यावर टिकला. वहीत मुलांची नावं आहेत, दोन कुत्र्यांचीसुद्धा आहेत. बायको मात्र नुसती 'बाई'. त्यांची एक मुलगी उजळ निघाली. शहरात लग्न करून गेली आणि आपली आई स्पॅनिश होती, असं जन्मभर सांगत राहिली. ती सासूबाईंची आजी. आणि सासूबाई चर्चची रजिस्टरं चाळत, म्हाताऱ्या माओरी बायकांना विचारत, त्या 'बाई'चं नाव वीस वर्षं शोधत होत्या.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि मराठीत म्हणालात, "हुशार होती आजी. पोरं शिकली ना तिची? मेलेल्यांची नावं उकरून काय मिळणार?"

"काय म्हणतायत तुझे वडील?" सासूबाईंनी मला इंग्रजीत विचारलं.

"म्हणतायत, फार वाईट झालं." मी खोटं सांगितलं. त्यांनी तुमच्या हातावर हात ठेवला. तुम्ही तो तसाच राहू दिलात.

परत येताना गाडीत मी विचारलं, "आपलं आधीचं आडनाव काय होतं?" तुम्ही म्हणालात, "समोर बघून चालव."

जुन्या आडनावावर पुण्यात खोली मिळत नव्हती, नाव ऐकलं की लोक दार लावून घ्यायचे, एवढं आत्या एकदा बोलून गेली होती. तुम्ही ते का बदललंत, हे मला कळतं, बाबा. ते माझ्यापासून कशाला लपवलंत? मी काय घरमालकीण होते? तुमच्यानंतर तुमची ट्रंक उपसली. एकही जुना कागद नाही. आत्याला गाव विचारलं, तर म्हणाली, "त्यानं शपथ घातलीय." मग तीही गेली. सासूबाईंना निदान वही तरी होती.

गेल्या आठवड्यात तुमची नात शाळेचा कागद घेऊन आली. इथे माओरी रीतीप्रमाणे मुलं स्वतःचं नाव सांगण्याआधी आपला डोंगर आणि नदी सांगतात. सासूबाईंकडचे रकाने तिने भराभर भरले. वहीतल्या त्या 'बाई'चं नाव सासूबाईंना शेवटी सापडलं होतं, तेही लिहिलं. मग इंग्रजीत म्हणाली, "आई, आजोबांची नदी कुठली?"

मी मुठा म्हणाले. अगदी सहज, न अडखळता. आणि तिने ती शाळेत सगळ्यांसमोर उभं राहून सांगितली.