यंत्राचं खालचं टोक

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५. सकाळी ७.४०

चादरी निळीत बुडवत होतो. गेल्या सोमवारी याच वेळी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, ट्रे लावत होतो. आता हॉस्पिटलच्या मागे, धुलाईच्या खोलीत.

कारण लुसी मावशी, पाचूबंदरच्या. मांडीत रॉड घातला आणि जखमेत पू झाला. पुन्हा उघडावी लागली. ऑपरेशन करणाऱ्या कौस्तुभ सरांनी सगळ्यांना उभं केलं. एक्स-रेचं यंत्र फिरवणारा केनी म्हणाला, "कव्हर सरकलं होतं." कव्हर मी शिवलेलं. संपलं!

नीट लिहून ठेवतो. ऑपरेशन चालू असताना हाड दाखवणारं हे यंत्र, सी-आर्म. मोठ्या इंग्रजी C सारखं. एक टोक पेशंटच्या वर, एक टेबलाखाली. टेबलाखालचं सगळं अस्वच्छ धरायचं, असा नियम. पण बाजूने फोटो हवा असला की C फिरवतात आणि तेच खालचं टोक वर येतं, जखमेच्या अगदी शेजारी. विकतचं प्लॅस्टिक वरच्या टोकापुरतंच पुरतं. म्हणून मी हिरव्या कापडाचं शिवलं. पेटीच्या भात्यासारख्या चुण्या, दोन नाड्या. C फिरला की सिस्टरने नाडी ओढायची, चुण्या उलगडतात, खालचं टोक झाकतं. मगच जवळ जायचं. आईच्या मशीनवर किती वेळा उसवलं ते मलाच माहीत. सर तेव्हा म्हणाले होते, "नववी नापास कोण म्हणेल रे तुला!"

माझं कव्हर सरकत नाही. केनी घाईत खालचं टोक उघड्या हाताने ढकलत असणार आणि त्याच हाताने वरचं कापड सारखं करत असणार. कोणाला दिसणार? C फिरला की सगळे स्क्रीनकडे बघतात.

केनीला सोडणार नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

लुसी मावशींना ड्रेसिंगला आणलं. माझ्याकडे बघून त्यांनी तोंड फिरवलं. तेही केनीमुळेच.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

केनी दारातून डोकावला. "काय टेलर मास्तर, बेडशीटला पन नाडी लावतो काय आता?" हसला आणि गेला. मी पुढची चादर बादलीत दाबली.

ओटी-इन्चार्ज ग्लोरिया सिस्टर मात्र मुद्दाम आल्या. "रविवारी ये रे बाबा. सर पूर्ण ऑपरेशन खोटं-खोटं करून बघणार आहेत, पेशंटशिवाय. तुझंच कव्हर लावू. बघू तरी काय चुकतं."

बघूच.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सुचलं! कोरडी नीळ. चिमूटभर, खालच्या टोकाच्या उघड्या पत्र्यावर. केनीने हात लावला की पाची बोटं निळी, आणि ती बोटं माझ्या हिरव्या कापडावर उमटणार. सगळ्यांसमोर. पेशंट नाही, म्हणजे कोणाला इजा नाही. तरी दोनदा विचार केला. नंतर ओटी पुसायला मीच असेन. कोपरा न कोपरा निर्जंतुक करीन. (हा शब्द ओटीच्या दारावर बघून लिहिला, ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे.)

आई म्हणाली, "एकटाच काय हसतोस?" खूप दिवसांनी पोटभर जेवलो.

रविवार, ९ नोव्हेंबर

नीळ सकाळीच लावून ठेवली. आणि पेशंट म्हणून मलाच झोपवलं! हे मनात नव्हतं. पण बरं झालं. स्क्रीन माझ्या डोक्यामागे, म्हणून स्क्रीनऐवजी यंत्राकडे बघणारा मी एकटाच.

सर म्हणाले, "बाजूने घे." केनीने C फिरवला — हँडल धरून! पत्र्याला हातच लावला नाही. सिस्टरने नाडीला हात घातला. पण ती ओढायच्या आत सर पुढे वाकले, मान स्क्रीनकडे, आणि उजवं कोपर वर आलेल्या टोकावर टेकवलं. आरामात. खिडकीवर टेकवावं तसं. मग तोच हात माझ्या मांडीवर, जिथे जखम असती.

कव्हर स्वच्छ. केनीचे हात स्वच्छ. सरांच्या बाहीवर निळा डाग.

"अरे जेजू," सिस्टर पुटपुटल्या. "सर, तुमचं कोपर."

सरांनी बाही बघितली. मग पत्रा. "हा चावटपणा कोणाचा?"

मी पडलेलाच होतो. तोंड उघडलं की काय होईल ते दिसत होतं.

"यंत्र कोणाच्या ताब्यात असतं? केनी, उद्यापासून येऊ नकोस."

केनीने माझ्याकडे बघितलं. एप्रन काढून खुंटीला लावला, सरळ करून, आणि गेला.

मला हवं होतं तेच झालं.

सोमवार, १० नोव्हेंबर

ओटीत परत घेतलं. सर म्हणाले, "कव्हर छान चाललं काल." कोपराचं कोणी बोललं नाही.

डबा तसाच परत आणला.

बुधवार, १२ नोव्हेंबर

काम सुटल्यावर केनीला भेटायला पाचूबंदरला गेलो. केनी धक्क्यावर बसून जाळं विणत होता. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "ये टेलर. हात धुतले काय?"

"तुला माहीत होतं?"

"निळीची खोली कोनाची? माझी? सगळ्या हॉस्पिटलात एकच मानूस निळा."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू गेला असतास, आनि कोपर तिथंच राहिलं असतं. तू आत राहिलास तर कधीतरी बोलशील." सुईतला दोरा दाताने तोडला. "लुसी मावशीच्या वेळी मी सरांचं कोपर टेकलेलं बघितलं होतं. सरांनी विचारलं, कव्हर सरकलं होतं ना? असं विचारलं की नाय म्हनता येतं काय? म्हटलं, हो. तू पडलास त्याखाली. सॉरी बोलायला यायचं होतं, मस्करी करून परत गेलो."

मी इतके दिवस चुकीच्या माणसावर दात खात होतो.

पण दात आहेतच.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

उद्या आगाशीच्या विनया काकू. वाडीत पाय घसरून पडल्या, खुबा मोडला. कमरेखाली भूल, म्हणजे जाग्या असणार, सगळं ऐकणार. म्हणूनच ओटीत पेशंटसमोर सरांची चूक कोणी बोलत नाही. फार तर सिस्टर खोकतात.

मी खोकणार नाही. कोपर टेकलं की मोठ्याने बोलणार, काकूंना स्वच्छ ऐकू जाईल असं. बाहेर त्यांचा मुलगा, सुना, अर्धी आगाशी बसलेली असेल. सरांचं तोंड मला बघायचं आहे. डोळे भरून.

वाक्य पाठ केलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

काकू थंडीने थरथरत होत्या. भूलवाले डॉक्टर म्हणाले, "संकेत, हात धर रे त्यांचा." धरला. C फिरला. नाडी ओढायच्या आत कोपर टेकलं. मी बोललो, पाठ केलेलं, मोठ्याने. "सर, तुमचं कोपर खालच्या टोकाला लागलं. गाऊन बदला." काकूंची नखं माझ्या तळव्यात रुतली. "काय झालं रे? माझ्या पायाला काय झालं?" मी त्यांच्याकडेच बघत बसलो, "काही नाही काकू, काही नाही" म्हणत. सरांचं तोंड बघायचं राहूनच गेलं. त्यांनी गाऊन बदलला. बाहेर आल्यावर म्हणाले, "पगार घे आणि जा."

येणं: चौदा दिवसांचा पगार, ५,६०० रुपये. "पुढच्या महिन्यात ये" ऑफिसवाले म्हणाले.
खर्च: पाचूबंदर रिक्षा, जाऊन-येऊन ६० रुपये. उद्या पुन्हा ६०.
देणं: केनीचा सोमवारपासूनचा पगार. आकडा त्यालाच विचारायचा.