साडूपेक्षा भारी शिसवी

२ जानेवारी
काल साडूकडे जेवण. जेवण झाल्यावर त्याने गिटार काढलीच. गाणं संपलं तेव्हा माझी बायको चक्क 'वा' म्हणाली. मला कधी म्हणालेली नाही. गीझर स्वतः दुरुस्त केला तेव्हासुद्धा नाही.
मी जळत वगैरे नाही. माणूस तसा बरा आहे. फक्त डोळे मिटून वाजवतो तेव्हा एक ठेवून द्यावीशी वाटते.
संकल्प: गिटार.

९ जानेवारी
घेतली. सेकंडहँड, पण पाठ आणि बाजू अस्सल शिसवी. साडूची प्लायवूडची आहे, हे त्याला फोन करून सहज सांगितलं. विकणारे गृहस्थ म्हणाले, वाजवत राहिलं की शिसवी लाकूड खुलत जातं.
बायकोने तिच्यावरून हळूच हात फिरवला आणि सूर लावून देऊ का विचारलं. म्हटलं, तू यात पडू नकोस.

१० जानेवारी, सकाळी ७
सराव सुरू. बोटं सोलली.

११ जानेवारी
बोटांना विश्रांती. ही शास्त्रशुद्ध पद्धत साडूला माहीत नसणार.

६ फेब्रुवारी
ऑफिसात काम फार. गिटार फक्त रविवारी काढतो. तरी आवाज आधीपेक्षा कितीतरी गोड, सूर जागच्या जागी. लाकूड खुलतंय. एकेकाच्या हातातच असतं.

२० फेब्रुवारी
बायको हल्ली गुणगुणत असते. तेही साडूचं गाणं. कशात लक्ष नाही. नखं कापली तीही फक्त डाव्या हाताची, उजव्याची म्हणे राहिली.
गिटारच्या पेटीत तारा छेडायचं एक पिक सापडलं. माझं नाही. म्हणजे मी ऑफिसात असताना साडू येऊन माझी गिटार वाजवतो. तळपायाची आग मस्तकात गेली. पेटीला कुलूप लावलं.

६ मार्च
कुलूप लावल्यापासून गिटार बेसूर. हवा बदलली आहे. बायकोही गप्प गप्प. दोन्हींचा संबंध नसावा.

२१ मार्च
काल साडूकडे गिटार नेली. त्याचा चेहरा बघायचा होता. सगळे गोल करून बसले. मी सुरुवात केली. थोड्या वेळाने मेहुणीने टीव्ही लावू का विचारलं. साडू म्हणाला, ट्यूनिंग गेलंय, इकडे द्या. त्याच्या हातात तर मेलो तरी देणार नव्हतो. म्हणून बायकोच्या हातात ठेवली.
तिने कान जवळ नेऊन सूर लावले. मग वाजवायला लागली. डोळे उघडे ठेवून, माझ्याकडे बघत.
साडूचा चेहरा बघायचा राहूनच गेला. 'वा' सगळ्यांत आधी मीच म्हणालो.
येताना कळलं, लग्नाआधी ती रीतसर शिकत होती. पिकही तिचंच. मला कधी बोलली का नाहीस म्हटलं, तर म्हणाली, तू कधी विचारलंस?

२२ मार्च
बोटांच्या तब्येतीचा विचार करून गिटार तूर्त बायकोला वापरायला दिली आहे. किल्लीही दिली. निवड मात्र माझी, हे विसरता कामा नये.
सकाळी साडूचा फोन आला. ताईंना द्या म्हणाला. त्याला तिच्याकडे शिकायचंय. तिने शनिवार दिला.
मग मीही विषय काढला. मलाही शिकव म्हटलं, आणि घरचा माणूस म्हणून पहिला नंबर माझा. नाही म्हणाली. त्याने आधी विचारलं.