टेलेमानची मुलगी कुणापाशी होती?

मिरज,
६ ऑक्टोबर २०२४

चि. सारंगराव यांस,
अ. उ. आ.

फोनवर तुम्ही नुसतं ‘हं’ म्हणता, म्हणून कागद घेतला. अस्मिता जाऊन चार महिने झाले. तुमची बायको, माझी लेक. तिच्याविषयी आपल्या दोघांचीही तोंडं मिटली आहेत. पण मिटल्या तोंडानं मूल वाढत नाही!

परवा वाचनालयात मी तिच्या टेलेमानवर बोललो. ती संशोधन करत होती तो, तीनशे वर्षांपूर्वीचा जर्मन संगीतकार. बायको बाळंतपणात गेली आणि पुढच्याच वर्षी हा गडी फ्रँकफर्ट शहराचा संगीतप्रमुख झाला. रविवारमागून रविवार चर्चसाठी नवी रचना! दुःखाला रजा मिळत नसते, असं मी गरजलो आणि सभागृह उभं राहिलं. तुम्हीही तसंच कामाला जुंपून घ्या आणि श्रावणीला इकडे आणून सोडा. सुलेखापाशी, आपल्या आजीपाशी, ती फुलेल. पाच वर्षांच्या नातीला पाळणाघराच्या स्वाधीन करणं हा अन्याय आहे, आणि अन्यायापुढे मी कधी गप्प बसलेलो नाही.

रागावलात तरी लोभ आटू देऊ नये.

तुमचा,
मोरेश्वर

डंडॉक, आयर्लंड,
२० ऑक्टोबर २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न.

पत्र पोचलं. राग आला नाही. सध्या काहीच येत नाही. ऑफिसला जातो, परत येतो, चहा ठेवतो आणि प्यायचा विसरतो. शेजारची रोहिणी विचारते कसे आहात, मी म्हणतो ग्रँड, म्हणजे मजेत. इथे सगळे तेच म्हणतात. तुम्ही म्हणाल तेव्हाचं तिकीट काढीन. नाही म्हणायलाही बळ लागतं.

फक्त एक. त्या बाळंतपणात मुलगी जगली होती. ती तुमच्या भाषणात नव्हती. अस्मिता तिथेच अडली होती. बापानं काय रचलं ते तिला सापडे. आई गेल्यावर मुलगी कुणापाशी होती, ते सापडेना. जेवताना मलाच चिडून विचारायची, जसं काही मीच लपवलंय.

आजोबांकडे राहायला जायचंय, असं श्रावणीला सांगितलं. तिनं आपले बूट उचलले आणि इथल्या भाषेत प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, आईच्या बुटांशेजारी नेऊन ठेवले. का, विचारलं, तर म्हणाली, गेलेल्यांचे तिथेच असतात ना. ठीक आहेस का, तर म्हणाली ग्रँड.

आईंना नमस्कार. आमच्यावरची माया असू द्या.

आपला,
सारंग

मिरज,
४ नोव्हेंबर २०२४

चि. सारंगराव यांस,
अ. उ. आ.

तुमचं पत्र सुलेखाला वाचून दाखवलं. ती कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, अस्मिता पाच वर्षांची असताना डब्यात काय न्यायची? कुठल्याही विषयावर दोन तास बोलणारा मी, मला ते ठाऊकच नव्हतं. तेव्हा मी गावोगाव स्त्रीमुक्तीवर बोलत होतो. सुलेखा म्हणाली, मला येतं म्हणून पुन्हा मीच का? पोर कुठेही जाणार नाही. तुम्ही जा.

इतक्या वर्षांत तिनं माझं भाषण खोडून काढलेलं नव्हतं. या वेळी चार वाक्यांत काढलं.

व्हिसाचा अर्ज दिला आहे. व्याख्यानं रद्द केली. संयोजक इंद्रनील हळहळला, त्याला म्हटलं, पुष्कळ बोलून झालं. सुलेखा मला वेणी शिकवते आहे. खिडकीच्या गजाला सुतळीचे तीन पेड बांधून देते. माझी वेणी अजून सैल पडते, मग ती सोडवते आणि पुन्हा घाला म्हणते. रडू मलाही आलेलं नाही. हात तेवढे चालतात.

डब्याचं विचारून घेतलं आहे. गूळपोळी, तूप लावून.

अस्मिताचे बूट असू देत कपाटात. श्रावणीचे बाहेर काढून दाराशी ठेवा. थोडी जागा सोडा, शेजारी माझे येतील.

श्रावणीशी माझी अजून ओळख नाही. लोभाचं तिथूनच सुरू करू.

तुमचा,
मोरेश्वर