टाकीच्या वरचं शेत

पाओ, तू पाठवलेला घागरा परत पाठवते आहे. या कागदाबरोबरच बसच्या ड्रायव्हरकडे देते. आईच्या मातीसाठी, मेल्यावर नेसवायचा म्हणून, यंत्रावर छापलेला नायलॉनचा घागरा पाठवायला हात कसा धजावला रे तुझा? वर निरोप, 'आई, नक्षी तीच आहे, विणायचे कष्ट नाहीत.' मी त्याचा कोपरा विस्तवाला लावून पाहिला. जळाला नाही, वितळला. थेंब पायावर पडला, फोड अजून आहे. मातीत माणूस सडेल, हाडं सडतील, आणि हा तसाच राहील, नवाकोरा. आपला ह्मोंग माणूस वर गेला की पूर्वज त्याला अंगावरच्या भांगेच्या सालीच्या कापडावरून ओळखतात. हे नेसून गेलेलीला म्हणतील, ही कोण बाजारातली? जा परत.

आता बाकीचं. आज सहावा महिना, आपल्या पंचांगातला बोकडाचा दिवस. तब्येत बरी ना? खाली तुझ्या कारखान्यात तीन वेळा भात मिळतो म्हणे. खा. इथे वाफवलेला मक्याचा भरडा आहे, तोच. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. मास्तर म्हणाला, 'आजी, मी लिहून देतो.' पण तो माझं बोलणं नीट करतो, आणि नीट केलं की ते माझं राहत नाही. बायकांच्या वर्गात तीन हिवाळे शिकले, तेवढ्यावर भागवते.

डुकरीण व्याली. तुझा थोरला काका तसाच आहे, म्हणजे बोलतो. चुआ राबते, तुझ्या नशिबाने बायको चांगली मिळाली. तुझी पोर पांग ठीक आहे, थोडी सुकली आहे.

मका उंच आला आहे. घराच्या वर, दगडी टाकीच्या डोक्यावर जे शेत आहे ना, तिथला. माझी सासू त्या शेतात भांगेशिवाय काही पेरायची नाही. मी नवी नवरी, विचारलं, 'इतकी चांगली माती, इथे मका का नाही?' म्हणाली, 'मका निंदावा लागतो. भांग दाट पेरली की तिच्याखाली गवताला उजेड मिळत नाही, आपोआप मरतं. टाकीच्या वर काय पेरायचं ते पाणी पिणाऱ्याने ठरवायचं.' मला वाटलं, म्हातारी आळशी आहे.

तुला पाठीवर बांधायची ती झोळी त्या शेतातली. रेड्याचं दावं त्यातलं. भाजलेलं बी तू खिसे भरून शाळेत न्यायचास आणि मास्तरांची छडी खायचास. साल काढून उरलेल्या काड्यांवर चूल पेटायची, त्याच राखेत धागा उकळून पांढरा करायचो. पानं गळून तिथेच कुजायची, कधी वेगळं खत घातलं नाही. तो खालचा व्हिएतनामी पोलीस आला होता, आठवतं? झाड हुंगून म्हणाला, 'आजी, याने नशा येते का?' म्हटलं, 'येते बाबा. दिवसभर धागा जोडला की झोकांड्या जातात.'

दोन वर्षांपूर्वी तू ते सगळं उपटलंस. 'भांग कोण नेसतं आता, आई?' मी म्हटलं, 'मेलेले नेसतात.' तू हसलास. मीही हसले, आणि नांगराला रेडा मीच जुंपून दिला. तो दोष तुझ्या एकट्याचा नाही, एवढं लिहून ठेवते.

मका निंदायला हात नाहीत. म्हणून चुआ गवत मारायचं औषध फवारते. पाठीवर डबा, तोंडाला फडकं. चौथ्या महिन्यात एक मोठी सर आली, वरचं पाणी टाकीत उतरलं, आणि टाकीतले बेडूक गप्प झाले. मग दोन बदकं गेली. म्हटलं, बदकं मरतातच.

पांग ठीक आहे असं वर लिहिलं. खोडत नाही, पण ते खोटं आहे. तेरा दिवस तिच्या पोटात काही टिकत नाही. नखं पिवळी पडली आहेत. काल मी उठवलं तर मला 'आई' म्हणाली. आजीला ओळखलं नाही पोरीने.

मांत्रिकाने तिचा जीव परत बोलावला. मनगटाला बांधायला भांगेचा धागा मागितला. अख्ख्या गावात वीतभर मिळेना, सगळ्यांनी मका केलाय. शेवटी माझ्या मातीसाठी ठेवलेल्या घागऱ्याचा काठ उसवला. हो, माझा घागरा आहे, वीस वर्षं पेटीत. मी भांगेचं कापड मागवलं तेव्हा तुला वाटलं, म्हातारीची तयारी. मी वाटू दिलं. माझा घागरा सहा वर्षांच्या मुलीला कमरेत फार मोठा होतो, पाओ. तो लहान करायला घेतला आहे. चुआने बघू नये म्हणून डुकरांच्या कुडामागे बसून शिवते.

आता जे सांगायचं नव्हतं ते. चौथ्या महिन्यातच चुआने विचारलं होतं, 'आई, पाण्याला वास येतो का हो?' मी म्हटलं, 'तुझ्या नाकालाच बरा येतो.' कारण वरच्या झऱ्याला तासाभराचा चढ आहे, ती दिवसभर शेतात, म्हणजे जायचं मी. माझ्या गुडघ्यांनी ठरवलं की पाणी चांगलं आहे. आम्ही दोघी चहापुरतं घ्यायचो. पांग टाकीला तोंड लावून प्यायची, तुझ्यासारखी. आता रोज झऱ्यावर दोन खेपा करते. मोडले नाहीत गुडघे.

आज सकाळी उपकेंद्रातली नर्स कुंपणाबाहेरून ओरडली, 'आत्ता तालुक्याच्या दवाखान्यात न्या, आणि गवताच्या औषधाची बाटली डॉक्टरला दाखवा.' बाहेरून, कारण मांत्रिकाने दारावर हिरवी फांदी टांगली आहे. नऊ दिवस परका कुणी आत नाही, आजारी बाहेर नाही. आज पाचवा. मी पोरीला उचललं तर काका उंबऱ्यात आडवा. 'फांदी मोडली तर जीव वाटेतच सुटेल. बाप नाही तोवर शब्द माझा.' म्हटलं, 'भावजी, तुमच्या शब्दाने तिची उलटी थांबवून दाखवा.' चुआ मान वर करत नाही. हा कागद मी कुडाच्या फटीतून ड्रायव्हरला देते. तुझ्या हातात पडल्याशिवाय हलू नको म्हणून बजावते.

गाडी उद्या दुपारी वर येते आणि तासाभराने खाली जाते. दुसरी नाही. बापाने आपल्या हाताने फांदी काढली तर काकाला बोलायला तोंड उरणार नाही. तू गाडीत नसलास तर मी काढीन. पांगला टोपलीत घालीन, बाटली कमरेला बांधीन. काका आडवा आला तर माझ्या हातात कोयता असेल, आणि त्याला माहीत आहे मी डुकरं कशी कापते. पण पोरगी वाटेत गेली तर सगळं गाव म्हणेल आजीने मारली. त्यात अर्धं खरं असेल. उरलेल्या अर्ध्याला तू ये.

उत्तर चुआला धाडायचं नाही, ती वाचता वाचता रडेल. काकाला नाही, मास्तराला नाही. ड्रायव्हरकडे निरोप द्यायचा नाही. मला उत्तर द्यायचं ते तूच, उद्या दुपारी, उंबऱ्यात उभं राहून.

वांग नू,
अजून तरी तुझी आई