अविश्वसनीय निवेदक, पाचशे कार्डं

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. सकाळी ६.४०
आरशासमोर कंगवा माईकसारखा धरून ‘सुस्वागतम्’ म्हणत होतो. चौदा वेळा म्हटलं. अकरावी खेप उत्तम. शेवटचा पायमोडका ‘म्’ ऐकू यायलाच हवा. बहुतेक निवेदक तो गिळतात.
बाबांची मुदत : महिन्याभरात निवेदनाचा एक तरी कार्यक्रम मिळवायचा, नाहीतर १ डिसेंबरपासून कळमेश्वरच्या कारखान्यात पॅकिंगला. म्हणाले, बारावीले दोनदा बसला, आता खोक्यापाशी बस.
म्हणून जरीपटक्याच्या वाचनालयात साहित्य-परिचय वर्गाला नाव घातलं. दर रविवारी. पुस्तिकेत प्रकरण ३ ध्वनी, प्रकरण ४ निवेदक. म्हणजे सगळा माझाच धंदा.

९ नोव्हेंबर, रविवार
ध्वनी झाला. माया मॅडम म्हणाल्या, उघड सांगितलेलं नसतं तरी ऐकणाऱ्याला जे कळतं, तो ध्वनी. मी विचारलं, स्पीकर बंद पडला तरी कळतं का? वर्ग पुष्कळ हसला. शेजारची वैभवी डोळे पुसत होती. वर्ग हातात आला आहे.
गृहपाठ : स्वतःचा एक प्रसंग, प्रथमपुरुषी.

११ नोव्हेंबर, मंगळवार
मित्र गोलूच्या बहिणीच्या साक्षगंधातलं, म्हणजे साखरपुड्यातलं, माझं निवेदन लिहिलं. बॅनरवर ‘शुभाशिर्वाद’मधली शि ऱ्हस्व होती, ती माईकवरून वेळीच दुरुस्त केली. (बॅनर गोलूनेच छापला होता. त्याला नंतर पटलं असावं.) मी बोलत असताना एकही पाहुणा खुर्चीवर बसून राहिला नाही. जेवण सुरू झालं होतं, पण तो तपशील प्रसंगाला आवश्यक नाही. शेवटी नवरदेवाच्या मामांनी भारावून स्वतः माझ्या हातातून माईक घेतला.
सहा पानं. खाडाखोड नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
समासात लाल शाईने : ‘अविश्वसनीय निवेदक! उत्तम उदाहरण.’
मॅडमनी वर्गाला वाचूनही दाखवलं. पुढच्या रविवारी याच संज्ञेवर बोलू म्हणाल्या. अविश्वसनीय! क्रिकेटमध्ये सीमारेषेवर उडी मारून झेल घेतला की हाच शब्द वापरतात.
प्रकरण ४ आधीच उघडून पाहावं असं वाटलं होतं. पण स्वतःच्या कौतुकाची पडताळणी करणं बरं दिसत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
गोलूच्या प्रेसमध्ये पाचशे कार्डं. वर नाव, खाली ‘अविश्वसनीय निवेदक : साक्षगंध, लग्न, बारसे’. गोलू म्हणाला, अबे, काय लिहून राहिला? सिधं ‘भारी’ लिही ना. त्याला सांगितलं, ही संज्ञा आहे, मॅडमनी दिलेली. प्रूफ चार वेळा वाचलं. त्याने ‘नीवेदक’ केलं होतं, पकडलं. कार्ड निर्दोष आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार
कन्हानला मधुसूदनकाकांकडे. ३० तारखेला त्यांच्या वंदनाचं साक्षगंध. बाबांनी मला न सांगता शब्द टाकून ठेवला होता, म्हणजे काम पक्कं.
काकांनी चष्मा लावून कार्ड दोनदा वाचलं. म्हणाले, बापू, तू सोताच छापून सांगून राहिला का याच्यावर भरवसा ठेवू नका, मंग मी काहून ठेवू गा? आतून वंदना म्हणाली, ठेवा ना बाबा, इमानदार तरी हाय. काकू पदरात हसल्या. चहा चांगला होता. फोन करतो म्हणाले.
काकांना साहित्यातलं कळत नाही. समजावलं असतं, पण बस होती.

२३ नोव्हेंबर, रविवार
प्रकरण ४.
मॅडम म्हणाल्या, ज्याचं सांगणं वाचकाने जसंच्या तसं खरं मानू नये, तो अविश्वसनीय निवेदक. खोटारडा असतोच असं नाही. स्वतःचीच समजूत काढत असतो. वाचकाला कळतं, त्याला कळत नाही.
मी तास सुरू व्हायच्या आधीच वैभवीला कार्ड दिलं होतं. ती हसली नाही. वहीत ठेवून म्हणाली, कुणाला दाखवत नाही मी. हसली असती तर बरं झालं असतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
उपाय सापडला. सुरुवातीचा ‘अ’ खरवडला की ‘विश्वसनीय निवेदक’! सगळी कार्डं वाया जाण्यापासून वाचली. ब्लेडने बारा केली. ‘अ’च्या जागी भोक पडतं. पण भोकाकडे लोकांचं लक्ष जाईलच असं नाही.
काकांचा फोन. कामठीचा कोणीतरी ठरवला.
बाबा ओरडले नाहीत. भोकाचं एक कार्ड उचलून त्यातून खिडकीकडे पाहिलं. म्हणाले, सोमवारी सातची बस हाय. मग कार्ड खिशात ठेवलं.

३० नोव्हेंबर, रविवार. दुपारी १२.१५
वर्गाला गेलो नाही. कन्हानला आता ‘सुस्वागतम्’ झालं असेल. कामठीवाल्याने ‘म्’ गिळला असणार.
ही वही पहिल्या पानापासून वाचली, निवेदक नेमका कुठे अविश्वसनीय आहे ते शोधायला. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

खर्च : वर्ग २००, कार्डं ६५०, कन्हान जाऊन-येऊन ८०, ब्लेड १०. एकूण ९४०.
शिल्लक : कार्डं ४८६, भोकाची वेगळी.
देणं : कार्डांपैकी गोलूचे ३२५. विचारलं, कधी देऊ? म्हणाला, कळमेश्वरचा पगार झाला का देजो. तुह्यावर भरवसा हाय.